मृत्युपत्र आणि शेतीची वाटणी: भावकीच्या वादात या चुका टाळा

वाटणीचा वाद घेऊन आलेलं घर सगळ्यात आधी मृत्युपत्राची झेरॉक्स पुढं करतं. थोरला म्हणतो, "आबांनी सगळं मला लिहून दिलंय." धाकटा म्हणतो, "आबाला त्या टायमाला काही समजत नव्हतं." मग सही खरी की खोटी यावर तासभर जातो. आबांनी जी जमीन लिहून दिली ती सगळी आबांची होती का, हे मात्र कुणी विचारत नाही. मृत्युपत्रानं माणूस फक्त स्वतःच्या मालकीचं देऊ शकतो. त्यामुळं आधी जमिनीचे जुने कागद बघा आणि मृत्युपत्र त्यानंतर वाचा. हा क्रम उलटा झाला की पुढची दहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्यांवर जातात.

सातबारावर एकट्याचं नाव, म्हणून जमीन एकट्याची

ही सगळ्यात महागात पडणारी समजूत. घरातला एकजण तहसीलला जाणारा, सोसायटीचं कर्ज काढणारा असतो, म्हणून त्याचं नाव लागतं. जुन्या उताऱ्यांवर 'ए.कु.मॅ.' किंवा 'ए.कु.क.' असा शेराही दिसतो, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर किंवा कर्ता. संगणकीकरणात असे शेरे काही ठिकाणी गळाले असतील, तर एकटं नाव उरतं आणि पुढची पिढी त्यालाच मालकी समजते. सातबारा आणि फेरफार (उताऱ्यावरचं नाव बदलल्याच्या नोंदी) हे महसूल वसुलीसाठीचे कागद आहेत, त्यांनी मालकी मिळतही नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं अनेकदा सांगितलं आहे.

हिशोब करून बघू. एकत्र कुटुंबाची दहा एकर जमीन आहे. घरात वडील, आई, दोन मुलगे, एक मुलगी. वडिलांनी "सर्व दहा एकर थोरल्यास" असं लिहून ठेवलं आणि ते वारले. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ च्या कलम ३० नुसार वडिलांना एकत्र कुटुंबातला स्वतःचा हिस्सा मृत्युपत्रानं देता येतो, पण हिस्साच. तो ठरवायला मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असं धरतात. त्या वाटणीत आपल्याकडं आईलाही मुलाइतका वाटा पडतो (सर्वोच्च न्यायालयाचा गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई हा १९७८ चा निकाल याच हिशोबाचा आहे). पाच वाटेकरी, प्रत्येकी दोन एकर. म्हणजे मृत्युपत्रानं थोरल्याला वडिलांचे दोन एकर आणि स्वतःचे दोन, असे चार एकर मिळतात. उरलेले सहा एकर वडिलांनी लिहून दिले तरी त्यांचे नव्हतेच. मृत्युपत्र नसतं, तर वडिलांच्या दोन एकरांचे आई आणि तीन लेकरं असे चार वाटे, प्रत्येकी वीस गुंठे. वडिलांची आई हयात असेल तर पाच वाटे, प्रत्येकी सोळा गुंठे. ही आजी वारसांच्या यादीतून हमखास सुटते. तिला कुणी मुद्दाम वगळत नाही, ती वारस आहे हेच घरात माहीत नसतं.

उलटीही चूक होते. आजोबांकडून आलेली प्रत्येक जमीन एकत्र कुटुंबाची असते असंही नाही. आजोबांची स्वतःची जमीन १९५६ नंतर त्यांच्या मृत्यूनं कलम ८ नुसार वडिलांना आली असेल, तर ती वडिलांची स्वतंत्र मालमत्ता ठरते (१९८६ चा चंदर सेन प्रकरणातला निकाल). ती ते कुणालाही देऊ शकतात, नातवांना त्यात जन्मानं हक्क येत नाही. पण वडिलांनी आपल्या भावांशी वाटणी करून एकत्र कुटुंबातला वाटा घेतला असेल, तर तो त्यांच्या लेकरांच्या दृष्टीनं एकत्रच राहतो. म्हणून जुना फेरफार काढून नोंद 'वारसाने' झाली की 'वाटणीने' ते बघा. हा शेवटचा पुरावा नाही, पण कुठल्या दिशेनं शोधायचं ते त्यातून कळतं.

शोधताना आपल्या मराठवाड्यात एक जास्तीची अडचण आहे. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, त्यामुळं जुने कागद उर्दूत किंवा मोडीत आणि साल फसलीत (तेव्हाच्या महसुली कालगणनेत). फसली सालात ढोबळमानानं ५९० मिळवले की इसवी सन निघतं. १९५० च्या दशकातलं खासरा पाहणी पत्रक बहुतेक गावांत मालकीच्या साखळीचा चांगला पहिला दुवा ठरतं. तिथून आजपर्यंतचे सगळे फेरफार क्रमानं लावा. उर्दू-मोडी वाचणारे मिळणं सोपं नाही, हे २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधाच्या वेळी सगळ्या मराठवाड्यानं पाहिलंच. तरी ओळखीच्या माणसाकडून "साधारण असं लिहिलंय" एवढ्यावर भागवू नका. लेखी लिप्यंतर करून घ्या, पुढं तेच कामाला येतं.

बहिणीची सही नंतर घेऊ

"तिचं लग्न ९४ च्या आधी झालंय, तिला हक्क नाही." हे वाक्य अजून ऐकू येतं. त्याला जुना आधार आहे. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना एकत्र कुटुंबात हिस्सा दिला तेव्हा आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. पण ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या दुरुस्तीत लग्नाच्या तारखेची अट नाही. त्या दिवशी वडील हयात असायला हवेत हा मुद्दाही ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालानं संपला. मुलीचा हक्क जन्मानं आहे, मुलासारखाच.

अपवाद आहे तो २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटणीचा, तीही नोंदणीकृत दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकमानं झालेली. "आमची तोंडी वाटणी ८५ सालीच झाली" असं म्हणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं की तोंडी वाटणीला याच निकालानं फार थोडी जागा ठेवली आहे. त्याच काळातले सरकारी कागद पाठीशी हवेत. वाद सुरू झाल्यावर बॉण्डवर लिहिलेली 'पूर्वीच्या वाटणीची याद' कोर्टात टिकत नाही.

बहीण खरोखर मनानं सोडत असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं. शंभराच्या बॉण्डवर नोटरी करून तिचा हिस्सा जात नाही. आणि सही घेण्याआधी तिला एकूण जमीन किती, तिचा वाटा किती, हे कागदावर दाखवा. बऱ्याच बहिणी म्हणतात, "मला काय करायची जमीन, पण इचारलं तरी पाहिजे व्हतं." न विचारलेली बहीण भूसंपादनाचा मोबदला आला की दाव्यात येते. समृद्धी महामार्गासाठी जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत जमिनी गेल्या तेव्हा पैसा वाटताना सातबारावर नसलेली नावं पुढं आली, यात नवल काहीच नाही. माझं स्पष्ट मत असं की बहिणीला गप्प बसवण्याला 'माहेर टिकवणं' म्हणणं बंद करावं. माहेर टिकवायचं असेल तर तिच्यापुढं हिशोब ठेवावा.

रजिस्टर केलंय, आता काय होतंय

मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे. साध्या कागदावरचंही चालतं, स्टँप पेपर लागत नाही. लागतात ते दोन साक्षीदार. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ च्या कलम ६३ नुसार दोघांनीही लिहून देणाऱ्याला सही किंवा अंगठा करताना पाहिलेलं असावं किंवा त्यानं त्यांच्यापुढं ती आपलीच असल्याचं कबूल केलेलं असावं. साक्षीदारांनीही त्याच्यासमोर सही करायला हवी. पुढं कोर्टात यातला किमान एक साक्षीदार उभा करावा लागतो (भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६७). घोळ होतो तो इथं. साक्षीदार म्हणून आबांच्या वयाचे दोन मित्र बसवतात आणि आबांच्या आधी तेच जातात. मग हस्ताक्षर ओळखणारे शोधत फिरावं लागतं. एक तरी साक्षीदार वयानं लहान ठेवा, आणि जमीन मिळणारा किंवा त्याची बायको साक्षीदार नको.

नोंदणीनं कागद त्या दिवशी निबंधकापुढं आला एवढं दिसतं. शंका राहिलीच तर ती दूर करायची जबाबदारी मृत्युपत्र पुढं करणाऱ्यावर असते, हे १९५९ च्या वेंकटचल अय्यंगार निकालापासून पक्कं आहे. आजारी माणूस, मृत्यूच्या चार दिवस आधीची तारीख, सगळी धावपळ लाभ मिळणाऱ्यानंच केलेली, बाकीच्या लेकरांना का वगळलं याचा शब्दही नाही: अशा कागदाकडं कोर्ट संशयानंच बघतं. वगळण्याचं कारण दोन ओळींत लिहिलेलं असलं तर बराच फरक पडतो.

प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) आणा असं कुणी सांगितलं तर गोंधळू नका. आपल्या भागातल्या शेतीच्या मृत्युपत्राला ते सक्तीचं नाही.

आपल्या सोयीची एकच ओळ वाचणं

कायदा सांगतो की मृत्युपत्र पूर्ण वाचून लिहिणाऱ्याचा हेतू काढायचा. दोन कलमं कशीच जुळत नसतील तर मृत्युपत्रात शेवटचं धरतात (१९२५ च्या कायद्याचं कलम ८८). खरेदीखतासारख्या दस्तात उलट, तिथं आधीचं धरतात. पण हे शेवटचं हत्यार आहे. आधी दोन्ही कलमं जुळवून बघायची असतात.

सगळ्यात जास्त भांडण आईच्या कलमावर. "माझ्या पश्चात पत्नी पूर्ण मालक राहील, तिच्या पश्चात दोन्ही मुलांनी निम्मे घ्यावे." पूर्ण मालकी दिली असेल तर पुढची अट सहसा टिकत नाही, आई ती जमीन विकूही शकते. "पत्नीने हयातभर उत्पन्न खावे, विकू नये" असं असेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४(२) नुसार हक्क मर्यादित राहतो. पण ती जमीन तिच्या पोटगीच्या हक्कापोटी दिली असेल तर तो १४(१) नुसार पूर्ण होतो, असाही युक्तिवाद होतो, आणि त्यावर निकाल दोन्ही बाजूंनी आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडं पाठवला. म्हणून आईच्या नावची जमीन विकत घेताना किंवा विकताना दोन वकिलांचं मत घेतलेलं बरं.

नंबराची चूक ही तुलनेनं सोपी. जुन्या मृत्युपत्रात सर्व्हे नंबर, आजच्या उताऱ्यावर गट नंबर. एकत्रीकरणाचा (सर्व्हे नंबरांचे गट केल्याचा) उतारा काढून जुळवा. आकडा चुकला तरी वर्णनावरून जमीन ओळखता येत असेल तर चुकीचा भाग सोडून बाकीचं लागू होतं. अवघड जातं ते 'विहिरीचं रान धाकट्याला' असं लिहिलेलं, कारण आज त्या गटात दोन विहिरी आणि तीन बोअर असतात. तेव्हाची विहीर कोणती होती ते पाहणीच्या जुन्या नोंदी सांगतील.

ज्या मुलाला जमीन लिहिली तो वडिलांच्या आधी वारला, तर "त्याचा वाटा परत सगळ्यांत आला" म्हणून भाऊ मोकळे होतात. १९२५ च्या कायद्याच्या कलम १०९ नुसार त्याची लेकरं हयात असतील तर तो वाटा बुडत नाही. विधवा वहिनीला "तुमचं आता इथं काही नाही" म्हणण्याआधी हे वाचा.

वर्ग २, इनाम आणि एक तृतीयांश

उताऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (सरकारी अटींवर धारण केलेली जमीन) असेल तर शर्ती तपासा. मशीद, दर्गा, देवस्थानच्या सेवेसाठीची खिदमतमाश जमीन घरात कितीही पिढ्या कसली तरी मृत्युपत्रानं देता येत नाही. मुस्लिम कुटुंबात कर्ज आणि दफनविधीचा खर्च वजा जाता एक तृतीयांशापेक्षा जास्त वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्रानं देता येत नाही, आणि सुन्नी कायद्यात वारसालाच द्यायचं तर इतर वारसांची संमती लागते.

फेरफार झाला म्हणजे जिंकलो

मृत्युपत्राची नोंद तलाठ्याकडं (आता ग्राम महसूल अधिकारी) दिली की हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीला १५ दिवस मिळतात. हरकत तोंडी सांगू नका. लेखी द्या आणि पोच घ्या. मग प्रकरण तक्रारी नोंदवहीत जातं. नोंद मंजूर झालीच तर उपविभागीय अधिकाऱ्याकडं ६० दिवसांत अपील असतं. पण मृत्युपत्र खरं की खोटं हे महसूल अधिकारी ठरवत नाही, त्यासाठी दिवाणी कोर्ट. अपिलांत चार वर्षं घालवून मग दावा लावणारे खूप. वाद सहीचा किंवा मालकीचा असेल तर दाव्याची तयारी पहिल्या दिवसापासून ठेवा.

भाऊ बारा वर्षं कसतोय म्हणून त्याची झाली, हेही खरं नाही. सहहिस्सेदाराचा ताबा सगळ्यांच्या वतीचा धरतात, जोवर त्यानं दुसऱ्याचा हक्क उघडपणे नाकारलेला नाही.

तडजोड होत असेल तर कागद अर्धवट करू नका. वाटणीत एकर लिहितात आणि वाट, विहिरीची पाळी, मोटारीचं कनेक्शन, पाईपलाईन, आखाड्याची जागा सोडून देतात. पुढच्या रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायच्या वेळी धुऱ्यावर कुऱ्हाडी निघतात त्या यावरूनच. हे सगळं नकाशासह लिहा. सगळे राजी असतील तर महसूल संहितेच्या कलम ८५ नुसार तहसीलदारांकडून वाटप होतं. शेतीच्या वाटणीपत्राला मुद्रांक शुल्क १०० रुपये आहे, आणि नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं २०२५ मध्ये घेतला. दावा आधीच चालू असेल तर लोकअदालतीत मिटवा. तिथल्या निवाड्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. बहिणीला, वहिनीला, आईला वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडं अर्ज करता येतो. स्त्रियांना तिथं उत्पन्नाची अट नाही.