ड्राफ्टआधी एज रशर जोखताय? या चुका टाळा

अमेरिकन फुटबॉलमध्ये बचाव फळीच्या कडेवरून क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूवर, धावून जाणारा गडी म्हणजे एज रशर. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अशाच व्हर्नन गोल्स्टनने 2007 च्या हंगामात 14 सॅक केले होते, म्हणजे क्वार्टरबॅकला 14 वेळा पाडलं होतं. कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांत, त्याने 225 पौंडांचा बार 37 वेळा उचलला. अंगकाठी अशी, की शिल्पकाराने समोर बसवून मूर्ती घडवावी. व्यावसायिक लीग एनएफएलचे संघ कॉलेजचे खेळाडू क्रमाने निवडतात तो ड्राफ्ट; 2008 च्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्क जेट्सनी त्याला सहाव्या क्रमांकावर घेतलं. तिथल्या तीन हंगामांत त्याच्या नावावर किती सॅक लागले? एकही नाही.

दरवर्षी एप्रिल जवळ आला की अमेरिकेतल्या आमच्या मराठी मित्रांच्या गटात यंदा कोण खरा आणि कोण फुगा यावर वाद सुरू होतात. ज्या चुका पुन्हापुन्हा होतात, त्यातल्या निम्म्या माझ्याही करून झाल्या आहेत.

सॅकचा आकडा आहे तसा घेणे

सर्वांत मोठी चूक हीच. क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधी पाडलं की सॅक लागतो. कसं पाडलं ते आकड्यात येत नाही. म्हणून वही घ्या. गड्याच्या नावावर 12 सॅक असतील तर बाराही व्हिडिओ लावा आणि प्रत्येकापुढे दोनच गोष्टी लिहा: समोर कोण होतं आणि किती वेळ लागला. अडवायला कुणीच नव्हतं? खोडा. टाइट एंड किंवा रनिंग बॅक (अडवणं हे ज्यांचं मुख्य काम नाही असे खेळाडू) आडवा आला होता? अर्धा गुण. चार सेकंद उलटल्यावर मिळाला? मग अर्धं श्रेय मागे रिसीव्हरांना (पास झेलणाऱ्यांना) जखडून ठेवणाऱ्या कॉर्नरबॅकांचं. क्वार्टरबॅक दुसऱ्याला चुकवता चुकवता आयता मिठीत येऊन पडला? खोडा. चांगल्या टॅकलला (क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या कडेच्या धिप्पाड खेळाडूला) समोरासमोर हरवून तीन सेकंदांच्या आत मिळवलेले तेवढे खरे. बाराचे चार उरले तर दचकू नका.

उलटंही घडतं. डॅनील हंटरच्या नावावर एलएसयूमधल्या (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) शेवटच्या, म्हणजे 2014 च्या हंगामात फक्त दीड सॅक होता. दीड! मी नाव खोडून मोकळा झालो. मिनेसोटा व्हायकिंग्जनी मात्र त्याला 2015 मध्ये तिसऱ्या फेरीत, 88 व्या क्रमांकावर उचललं. पुढे 2018 आणि 2019 या दोन्ही हंगामांत त्याने प्रत्येकी साडेचौदा सॅक केले. त्याची कॉलेजची फिल्म नीट पाहिली असती तर पोचायला एक पाऊल उशीर झालेले कितीतरी डाव दिसले असते.

प्रत्येक स्नॅप पास रश समजणे

चेंडू मागे देऊन डाव सुरू होतो तो स्नॅप आणि क्वार्टरबॅकवर धावून जाणं म्हणजे पास रश. कॉलेजमध्ये स्क्रीन (झटपट छोटा पास) आणि आरपीओ (धाव की पास हे क्वार्टरबॅक ऐनवेळी ठरवतो तो डाव) यांचा सुकाळ असतो. पास असला तरी ऑफेन्सिव्ह लाइनमनला (क्वार्टरबॅकपुढच्या रक्षक फळीतल्या खेळाडूला) तिथे तीन यार्ड पुढे जायची मुभा आहे, एनएफएलमध्ये एकच यार्ड. त्यामुळे बऱ्याच डावांत रशर दोन पावलं टाकेपर्यंत चेंडू गेलेला असतो. अशा डावांवरून ‘हा गायब होतो’ असा शिक्का मारू नका. क्वार्टरबॅक खरोखर मागे सरकून थांबला, तेवढेच डाव वेगळे काढा आणि त्यांत दबाव किती वेळा आला ते मोजा.

40 यार्डांच्या वेळेवर भुलणे

एज रशर सामन्यात 40 यार्ड सरळ धावतो कधी? टेरेल सग्सने 2002 मध्ये ॲरिझोना स्टेटसाठी 24 सॅक केले, मग ड्राफ्टआधी 40 यार्डांत तो मंद धावला आणि लोकांनी नाकं मुरडली. बाल्टिमोर रेव्हन्सना तो दहाव्या क्रमांकावर मिळाला. 2011 मध्ये लीगचा सर्वोत्तम बचावपटू तोच ठरला. आकडा हवाच असेल तर पहिल्या 10 यार्डांची वेळ आणि थ्री-कोन (तीन शंकूंभोवती वळत धावण्याची चाचणी) बघा.

त्याहूनही, त्याचं वळण बघा. खो-खोत खांबाला वळसा घालताना चांगला खेळाडू जसा वेग न सोडता अख्खा तिरका होतो, तेच इथे हवं. एक डाव थांबवून थांबवून पाहा. रशर टॅकलच्या खांद्याला येऊन भिडलाय. आता त्याचा आतला खांदा टॅकलच्या हाताखाली जातोय का? घोटे झुकताहेत का, पायाची बोटं क्वार्टरबॅककडे वळताहेत का? की ऐन वळणावर तो ताठ उभा राहतो? ताठ झाला की टॅकल त्याला नुसता बाहेर ढकलत नेतो, क्वार्टरबॅक एक पाऊल पुढे सरकतो आणि आपला गडी त्याच्या पाठीमागून प्रदक्षिणा घालून येतो. कॉमेंटेटर तेवढ्यात म्हणतो, ‘काय वेग आहे!’

दर वेळी असंच होत असेल तर आणखी एक तपासा: बाहेरची वाट बंद झाल्यावर तो आत वळतो का? स्पिन (गिरकी), आतून रिप (हात खालून वर झटकत निसटणं), काहीही चालेल. एकच डाव येणाऱ्याला एनएफएलचे टॅकल ऑक्टोबरपर्यंत ओळखून टाकतात.

टॅकलच्या छातीला चिकटून राहणाऱ्याला ‘दमदार’ म्हणणे

बहुतेक वेळा तिथे हात उशिरा पडलेले असतात, दम नसतो. पहिला हात कुणाचा लागला एवढंच बघा. हातांच्या लांबीला महत्त्व आहे, पण तिचं स्तोम नको. एडन हचिन्सनचे हात जेमतेम 32 इंचांचे भरले म्हणून 2022 मध्ये केवढी चर्चा झाली! डेट्रॉइट लायन्ससाठी पहिल्याच हंगामात त्याने साडेनऊ सॅक केले.

वयही विसरू नका. 2020 च्या हंगामासाठी एनसीएएने (कॉलेज खेळांच्या संस्थेने) खेळाडूंना खेळायला जादा वर्ष दिलं, त्यामुळे पुढची काही वर्षं 24 वर्षांचे गडी 19 वर्षांच्या पोरांना लोळवताना दिसले. रन डिफेन्स (चेंडू घेऊन धावणाऱ्याला रोखणं) कच्चा असेल तर पहिल्या दोन डाउनना (चार प्रयत्नांपैकी पहिल्या दोनांना) मैदानाबाहेर बसावं लागेल, तेही वहीत लिहा.

लहान कॉलेज म्हणून सोडून देणे

असा गडी आवडला पण खात्री वाटत नसेल, तर त्याचा वर्षातला सर्वांत तगड्या संघाविरुद्धचा सामना शोधा आणि पूर्ण बघा, हायलाइट्स नव्हे. बफेलो विद्यापीठाचा खलील मॅक 2013 च्या ऑगस्टअखेर ओहायो स्टेटसमोर उतरला. बफेलो हरलं. मॅकने मात्र अडीच सॅक केले आणि प्रतिस्पर्ध्यांचा एक पास पकडून 45 यार्ड धावत टचडाउन केला. पुढच्या मे महिन्यात ओकलंड रेडर्सनी त्याला पाचव्या क्रमांकावर घेतलं.