जर्सी, फ्लेक्स, रेडियमसाठी कोपऱ्याचं जाड मराठी अक्षर कसं काढायचं

पेठेतल्या फुटबॉल टीमची जर्सी, कुस्ती मैदानाचा फ्लेक्स, दुकानाची पाटी, गाडीच्या काचेवरचं रेडियम, या सगळ्याला लांबून दणकून दिसणारं अक्षर लागतं आणि तिथं गोलाईच्या जागी कोपरे असलेलं जाड अक्षर लई भारी बसतं. पण साधं अक्षर घेतलं, जाड केलं, कडा तासल्या की झालं असं नसतंय, तसं केलं तर घ आहे का ध तेच कळत नाही. सगळी मेहनत अक्षराच्या पोटातली पांढरी जागा वाचवायची आहे, हे डोक्यात ठेवूनच पेन्सिल उचला.

१. आधी शब्द धरा. अख्खी बाराखडी काढायला बसू नका, कंटाळून सोडून द्याल. ‘कोल्हापूर’ घ्या, त्यात वर मात्रा आहे, मध्ये ल्ह जोडाक्षर आहे, खाली दीर्घ उकार आहे, म्हणजे जवळजवळ सगळ्या अडचणी एकाच शब्दात. तो जमला की ‘पन्हाळा’ आणि ‘अंबाबाई’ काढा.

२. ग्राफ पेपरवर चौकट ठरवा. माझं माप असं: शिरोरेषेसकट उंची ७ चौकोन, उभा दांडा २ चौकोन, शिरोरेषा दीड. शिरोरेषा दांड्याएवढीच जाड केली तर ती डोळ्याला जास्त जाड दिसते आणि अक्षर वरून दबल्यासारखं वाटतं, म्हणून ती बारीक. तिरक्या रेघांना एकच कोन ठेवा, ४५ अंशाचा बरा, कारण देवनागरी मुळात तिरक्या कापलेल्या बोरूनं लिहायची लिपी आहे, तिला तिरका छेद परका वाटत नाही. दर अक्षराला वेगळा कोन दिला की शब्द फुटलेल्या काचेसारखा दिसतो.

३. व पासून सुरुवात करा. व च्या पोटाचे कोपरे ४५ अंशात छाटा, आत निदान एक चौकोन पांढरं राहिलं पाहिजे. मग त्याच्यातनंच ब आणि क निघतात. ब च्या पोटातली तिरकी रेघ दांड्याच्या निम्म्या जाडीची घ्या, आणि तरीही पोट भरत असेल तर अक्षरच रुंद करा, लाजू नका. प वरनं ष आणि फ. ठ सरळ अष्टकोनी करून टाका, छान दिसतो. घ-ध आणि म-भ या जोड्या मात्र जपा, ध आणि भ च्या शिरोरेषेतली फट जाड अक्षरात बुजते, ती मुद्दाम मोठी ठेवायची. ल आणि श मराठी वळणाचेच घ्या, हिंदी वळणाचे टाकले की आपल्याकडं पाटी उपरी वाटते. ळ ही खरी डोकेदुखी, दोन पोटं शेजारी शेजारी, त्याला बाकीच्यांपेक्षा जास्त रुंदी द्यावीच लागते.

४. अनुस्वार चौकटच्या पत्त्यावरच्या आकाराचा करा, बोरूचा टिंबही तसाच पडतो. वेलांटीचं वळण दोनदा मोडलेल्या काठीसारखं. उकाराला खाली नीट जागा सोडा, दोन ओळी असतील तर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत घुसतो.

५. कागद भिंतीला लावा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन डोळे बारीक करून बघा. जिथं काळा डाग दिसेल तिथलं पोट मोठं करा. घरातल्या कुणाला तरी न सांगता वाचायला लावा, अडखळले तर परत पेन्सिल.

६. आता कॉम्प्युटर. मोबाईलवर फोटो काढून इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या, ते फुकट आहे. ऑटो ट्रेस, म्हणजे फोटोवरनं आपोआप रेघा काढायची सोय, वापरू नका, सरळ रेघा नागमोडी होतात. पेन टूलनं फक्त कोपऱ्यावर पॉइंट टाका. एका पाटीपुरतं एवढं बास. अख्खा टाइप करता येणारा फॉन्ट पाहिजे असेल तर फॉन्टफोर्ज आहे, पण ते वेगळं काम, युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर दर अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, देवनागरीच्या मूळ ब्लॉकला १२८ जागा असल्या तरी अर्धी अक्षरं आणि जोडाक्षरं त्याच्या वर वेगळी काढावी लागतात आणि कुठं कोणतं यायचं ते नियमही लिहावे लागतात. तेवढा वेळ नसेल तर तेको किंवा खंड हे मोफत फॉन्ट घ्या, दोन्ही थोडे चौकोनी बांध्याचे आहेत.

वापरताना काय बघायचं? हे अक्षर दोन-चार शब्दांपुरतंच. फ्लेक्सवर मंडळाचं नाव यात, पण खालची शुभेच्छुकांची लांबलचक यादी मुक्तासारख्या साध्या फॉन्टमध्ये लावा, नाहीतर कुणाचंच नाव वाचता येत नाही आणि मग भांडणं. प्रिंटला देताना फाईल कर्व्ह करूनच द्या, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांचे नुसते आकार करून, त्यांच्याकडं तुमचा फॉन्ट नसला तर अक्षर बदलून येतं. रेडियम कटिंगला अगदी सुईसारखी टोकं ठेवू नका, तीच आधी उचकटतात, जरा बोथट करा. पत्र्याचा छाप कापणार असाल तर ठ, व, ब यांच्या पोटाला बारीक पूल सोडा, नाहीतर आतला तुकडा गळून पडेल. आणि नंबरप्लेटवर हे अक्षर नको, तिथं नियमातलेच आकडे लागतात, हौस मागच्या काचेवर भागवा.