ओमाहात माझे नऊ आउट्स शून्य निघाले

पोकरच्या होल्डेम प्रकारातला फ्लश ड्रॉ, म्हणजे एकाच चिन्हाची पाच पानं (फ्लश) व्हायला एक कमी असणं, तुम्हाला येत असेलच. हातात दोन बदाम, फ्लॉपवर (सगळ्यांसाठी खाली उघडलेल्या पहिल्या तीन पानांत) दोन, तेरातले उरले नऊ. हेच आउट्स, म्हणजे डाव बनवणारी पानं. न दिसलेली पानं ४७, म्हणजे टर्नला (चौथ्या पानाला) १९ टक्के आणि रिव्हरपर्यंत (पाचव्यापर्यंत) ३५. एवढ्या भांडवलावर मी ओमाहाला, म्हणजे हातात चार पानं असतात त्या पोकरला, बसलो.

हातात बदाम एक्का, दोन काळे गुलाम, किलवर दश्शी. फ्लॉपला बदामाचे राजा, नव्वी, तिर्री. माझा एक, खालचे तीन. तेरातून चार गेले, उरले नऊ. आउट्सना चारने गुणलं की रिव्हरपर्यंतचे टक्के, म्हणजे छत्तीस टक्के! टर्नला बदाम दुर्री पडली आणि मी सगळ्या चिप्स पुढे सारल्या. समोरच्याने सत्ती-छक्की दाखवली, दोन्ही बदामाच्या. बदाम सातात डाव उघडते तीच सत्ती. मी एक्का आपटला. तो म्हणाला, "आणि दुसरा बदाम?"

ओमाहात हातातली नेमकी दोन पानं आणि खालची तीन. नेमकी! हातात एकच बदाम असेल तर खाली पाचही बदाम पडले तरी तुमचा फ्लश होत नाही. नऊ नाही, शून्य. उलट बाजूही बघा: हातात चार बदाम आले की नवखा खूश होतो. कामाचे दोनच, बाकीचे दोन तुम्हीच अडवून बसलाय. फ्लॉपवर दोन बदाम असतील तर आउट्स सात, तेही ४५ पानांत. म्हणून मोजायच्या आधी हातातली कुठली दोन, ते मनात नाव घेऊन ठरवा. मी अजूनही पुटपुटतो. हसतात लोक, हसू देत.

'चारने गुण' हा मंत्र ज्या दादाने दिला, त्याने ओमाहा कधी खेळलाच नव्हता, हे नंतर कळलं. असे गुरू पैशाला पासरी. शॉर्ट डेक या होल्डेमच्या प्रकारात दुर्री ते पंजी काढून ३६ पानं उरतात. फ्लॉपवर फ्लशचे आउट्स पाच, न दिसलेली पानं ३१. मंत्र म्हणतो २० टक्के, खरे ३०. तिथे सहाने गुणावं लागतं. फ्लश इतका दुर्मीळ होतो म्हणून तो फुल हाउसलाही (तीन सारखी पानं आणि एक जोडी) मारतो. स्टडमध्ये, म्हणजे प्रत्येकाची काही पानं उघडी असतात त्या पोकरमध्ये, तर समोरच्यांची उघडी पानंही वजा करा: तीन बदाम तिकडे दिसले की नवाचे सहा.

घाबरू नका, गणित चौथीचंच आहे. महिनाभर चिंचोक्यांवर खेळा. एकटे असाल तर कॅट पिसून चार पानं घ्या, तीन उघडा, आउट्स वहीत लिहा आणि मग उरलेला कॅट उलटून एकेक पान तपासा. माझ्या पहिल्या पानावर वीसपैकी अकरा चुका होत्या.