लिंगावर डाग किंवा पुरळ दिसलं? घाबरून या चुका करू नका

लिंगावर एखादा अनोळखी ठिपका दिसला की झोप उडते. मग कुणी महिनोन्‌महिने गप्प बसतो, तर कुणी त्याच रात्री घरात सापडेल ते मलम चोळतो. त्या ठिपक्याने झालं नसतं एवढं नुकसान पुष्कळदा या दोन गोष्टींनी होतं. त्या जागेची त्वचा पापणीसारखी पातळ असते. तिला घाईही मानवत नाही आणि हेळसांडही.

जे मुळात आजारच नाही, त्यावर उपचार करणं

सगळ्यात जास्त घबराट होते ती शिश्नमुंडाच्या, म्हणजे लिंगाच्या टोकाच्या, काठावरच्या बारीक दाण्यांमुळे. त्वचेच्याच रंगाचे किंवा पांढरट, एक ते दोन मिलिमीटरचे हे दाणे मण्यांची माळ गुंफावी तसे ओळीत असतात. कधी एक ओळ, कधी दोन-तीन. ते जंतूंमुळे होत नाहीत, कुणाला लागत नाहीत, स्वच्छतेशीही त्यांचा संबंध नसतो. तरुण वयात ते जास्त दिसतात आणि वय वाढेल तसे पुसट होत जातात. तरीही चामखीळ समजून कितीतरी मुलं ते जाळायला निघतात.

फरक ओळखायची खूण म्हणजे शिस्त. हे दाणे एकाच मापाचे, ओळीने बसलेले असतात आणि वर्षभरानेही तेवढेच असतात. चामखिळी वेड्यावाकड्या उगवतात, लहान-मोठ्या असतात, खरखरीत किंवा फुलकोबीच्या तुऱ्यासारख्या दिसतात आणि त्यांची संख्या वाढत जाते. त्या एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतात आणि बहुतेक वेळा त्यामागे या विषाणूचे 6 आणि 11 हे दोन प्रकार असतात. संपर्क आल्यावर त्या दिसायला काही आठवडे, कधी कित्येक महिने लागतात. म्हणून चामखीळ आज दिसली यावरून जोडीदारावर संशय घेऊ नका.

लिंगाच्या दांड्यावर किंवा अंडकोषाच्या पिशवीवर, त्वचा ताणली की उठून दिसणारे पिवळसर-पांढरे कण हाही निरोगी शरीराचाच भाग आहे. त्या केस नसलेल्या तैलग्रंथी. तशाच ओठांच्या कडेलाही असतात. पिशवीवरचे गडद लाल किंवा जांभळे ठिपके म्हणजे फुगलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या. ते बहुधा निरुपद्रवी असतात, पण नखाने खरवडले तर रक्त येतं. मात्र लहानपणापासून असे ठिपके भरपूर असतील, हातापायांची आग होत असेल आणि घाम कमी येत असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा. क्वचित त्यामागे फॅब्री नावाचा आनुवंशिक आजार असतो.

फोडणं, कापणं, जाळणं

पिशवीवर घट्ट, गोल, पांढरट गाठ असेल तर ती बहुधा पुटी, म्हणजे सिस्ट, असते. दाबून ती जात नाही, उलट पिकते. मधोमध खळगा असलेले मोत्यासारखे दाणे मोलस्कमचे असू शकतात. तेही विषाणूमुळे होतात. ते फोडले की आतला ऐवज आजूबाजूला लागून नवे दाणे येतात, आणि वस्तऱ्यानेही ते असेच पसरतात. हातापायांच्या चामखिळीसाठी मिळणारं सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं औषध या जागी कधीही लावू नका. त्वचा भाजते, आणि भाजलेल्या त्वचेवर मूळचं काय होतं ते ओळखणं डॉक्टरांनाही अवघड जातं.

न विचारता स्टिरॉइडचं मलम लावणं

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या चुकीची, कारण पहिले दोन दिवस तिचा फायदाच दिसतो. क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन असलेली मिश्र मलमं लावली की खाज थांबते, लाली उतरते. मूळ त्रास गजकर्णाचा असेल तर आतमध्ये मात्र त्याची बुरशी वाढतच असते. मलम थांबवलं की ती दुपटीने उसळते, तिच्या कडा पुसट होतात, ओळख पटत नाही. नाजूक जागी औषध जास्त शोषलं जातं, त्यामुळे त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, आग होते. काही आजारांत डॉक्टर स्वतः हेच औषध देतात, पण आजाराचं निदान झाल्यावर आणि ठरावीक दिवसांपुरतं.

दुखत नाही म्हणून सोडून देणं

उपदंशाची, म्हणजे गरमीची, पहिली जखम बहुधा दुखतच नाही. तळ कडक, कडा स्वच्छ, पू नाही. संपर्कानंतर साधारण तीन आठवड्यांनी ती येते, पण 10 ते 90 दिवसांत कधीही येऊ शकते. आणि फसवणूक अशी, की तीन ते सहा आठवड्यांत ती आपोआप भरून येते. माणूस सुटकेचा श्वास सोडतो आणि जंतू रक्तात फिरत राहतात. पुढे तळहात-तळपायांवर पुरळ येऊ शकतं, आणखी पुढे मेंदू आणि हृदयालाही धोका असतो. पेनिसिलिनने हा आजार बरा होतो. रक्ततपासणी फार लवकर केली तर ती निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं तर जा.

याउलट हर्पीसमध्ये पाण्याच्या बारीक फोडांचा घोस येतो. तो फुटून उथळ, झोंबणाऱ्या जखमा होतात.

दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, वाढत जाणारा लाल मखमली चट्टा, आकार किंवा रंग बदलणारा काळा डाग, पांढरी पडून आवळत चाललेली पुढची कातडी ही सगळी तपासून घेण्याची लक्षणं आहेत, कारण त्यांतल्या काहींच्या मागे कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था असू शकते.

प्रत्येक डागाचा संबंध लैंगिक संबंधाशी जोडणं

रात्री वाढणारी खाज, लिंगावर आणि पिशवीवर कडक गाठी, बोटांच्या बेचक्यांतही पुरळ, तर बहुधा खरूज. तेव्हा घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावावं लागतं. एखादी वेदनाशामक किंवा अँटिबायोटिक गोळी घेतली की दर वेळी त्याच जागी गोल लाल-जांभळा चट्टा उठतो आणि मागे काळसर डाग राहतो, तर ती औषधाची अ‍ॅलर्जी. शिश्नमुंडावर वारंवार लाली, पांढरा थर, कातडीला चिरा, तर रक्तातली साखर तपासा; मधुमेहाची पहिली खूण कधी कधी इथेच दिसते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांनीही लघवीतून साखर जाते आणि बुरशी वाढते. तसं झालं तर गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

साबणाने घासत राहणं

जंतुनाशक द्रव आणि सुगंधी साबण यांनी त्वचा कोरडी होऊन फुटते, मग लाली येते आणि ती घालवायला माणूस आणखी धुतो. दिवसातून एकदा, कातडी अलगद मागे घेऊन, कोमट पाण्याने धुणं पुरेसं आहे. धुऊन कोरडं केल्यावर कातडी पुन्हा पुढे आणायला विसरू नका. ती मागेच अडकून सूज आली, तर लगेच रुग्णालयात जा. ताप, तीव्र वेदना आणि भराभर काळा पडत जाणारा भाग दिसला तर तासभरही थांबू नका.

डॉक्टरांकडे जाऊन अर्धंच सांगणं

त्वचारोगतज्ज्ञ रोज हेच बघतात. तुम्हाला जे सांगायला जड जातं, ते त्यांच्यासाठी नेहमीचं आहे. जाण्याआधी त्या जागी काही लावू नका. डाग येत-जात असेल तर तो असतानाचा फोटो काढून ठेवा. लावलेल्या मलमांच्या ट्यूब आणि चालू असलेल्या गोळ्या सोबत न्या. शेवटचा संबंध कधी आला, निरोध वापरला होता का, हे लपवू नका. निरोधाने धोका कमी होतो, पण चामखीळ आणि हर्पीस न झाकलेल्या त्वचेतूनही लागू शकतात. निदान होईपर्यंत संबंध टाळा. उपदंश निघाला तर जोडीदाराचीही तपासणी आणि गरजेप्रमाणे उपचार त्याच काळात करून घ्या. एकट्याने औषध घेतलं, तर पुन्हा लागण व्हायला एक रात्र पुरते.