बीपीएममध्ये नवीन आहात? टूल नंतर शिका, आधी काम कुठे अडतं ते बघा

बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंटमध्ये (बीपीएम, म्हणजे कंपनीतलं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसं चालतं ते समजून घेऊन सुधारणं) यायचं म्हटलं की नवीन मुलं पहिलं हेच विचारतात की टूल कुठलं शिकू, कॅमुंडा की बिझागी, आणि मला दरवेळी वाटतं हा प्रश्न थोडा नंतर आला तर बरं. नोटेशन, म्हणजे प्रोसेसचं चित्र काढायची चिन्हं, मात्र लगेच शिका. त्यातलं बीपीएमएन २.० हे ओएमजी या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेने २०११ मध्ये आणलं, २०१३ पासून ते आयएसओ स्टँडर्डपण आहे, पण चिन्हं सगळी पाठ करत बसू नका, टास्क (एक काम), इव्हेंट (घडणारी घटना), गेटवे (जिथे वाटा फुटतात), स्विमलेन (कोण काय करतं त्याचे पट्टे) एवढ्यावर बरंचसं काम भागतं.

खरं काम म्हणजे ॲज-इज, म्हणजे आज काम प्रत्यक्ष कसं चालतं, ते समजून घेणं. मॅनेजर सांगतो ती प्रोसेस वेगळी असते आणि रोज काम करणारा माणूस करतो ती वेगळी, त्यामुळे दोघांशी वेगवेगळं बोला आणि "प्रोसेस काय आहे" असं विचारूच नका, "मागच्या वेळी हे काम अडकलं तेव्हा तुम्ही काय केलंत" असं विचारा, मग बघा माणूस कसा भरभरून बोलतो आणि सगळे अपवाद आपोआप बाहेर येतात.

माझ्याकडे वारंवार येणारी मागणी म्हणजे "अप्रूव्हलसाठी मोबाईल ॲप द्या". आता नीट बघितलं तर बऱ्याचदा रिक्वेस्ट अडते कारण फॉर्म अर्धवट भरलेला असतो, साहेब माहिती मागवतात, ती यायला वेळ लागतो, प्रत्यक्ष अप्रूव्ह करायला दोन मिनिटं आणि बाकी सगळं थांबणं. इथे ॲप दिलं तर अर्धवट फॉर्म जास्त वेगाने पोचतील एवढंच! त्यापेक्षा फील्ड कंपल्सरी करा, छोट्या रकमेला अप्रूव्हल लागतंच का ते विचारा, आणि ती मर्यादा कोडमध्ये पुरून ठेवण्याऐवजी डिसिजन टेबलमध्ये (कुठल्या अटीला काय निर्णय, याचा साधा तक्ता) ठेवा म्हणजे बिझनेसवाल्यांना ती वाचता येते.

यातलं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण फोर्डचं आहे, मॅनेजमेंटवर लिहिणारे मायकेल हॅमर यांनी १९९० मध्ये ते मांडलं होतं. उत्तर अमेरिकेत फोर्डच्या अकाउंट्स पेएबलमध्ये (सप्लायरचे पैसे चुकते करणारा विभाग) ५०० पेक्षा जास्त लोक होते, माझदाकडे त्याच कामाला फक्त ५. कंपनीचा आकार लक्षात घेतला तरी फरक प्रचंडच. लोकांचा वेळ जायचा तो पर्चेस ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद आणि सप्लायरचं इनव्हॉइस (बिल) जुळवण्यात, १४ बाबी तपासायच्या. मग त्यांनी इनव्हॉइसच काढून टाकलं, ऑर्डर डेटाबेसमध्ये, माल आला की तिथेच पडताळणी आणि पेमेंट, बाबी उरल्या ३ आणि माणसं ७५ टक्क्यांनी कमी लागली. डेटाबेसशिवाय हे झालं नसतं हे खरं, पण जुन्याच पद्धतीवर डेटाबेस बसवला असता तर जुळवाजुळव तशीच राहिली असती. आयटी आणि बिझनेसचं अलाइनमेंट, म्हणजे दोघांचा मेळ, म्हणतात ते मला तरी या उदाहरणातच सगळ्यात स्पष्ट दिसतं.

आणखी एक, प्रोसेसचा एक ओनर ठरवून घ्याच. ऑर्डरपासून पेमेंटपर्यंत चार डिपार्टमेंट असतात आणि दिरंगाई बहुतेक हँडऑफमध्ये, म्हणजे काम एकाकडून दुसऱ्याकडे जाताना, होते, जिथे कुणाचीच जबाबदारी नसते, तिथे डेव्हलपर बिचारा कुणाला विचारणार?

गो-लाइव्हच्या, म्हणजे नवी सिस्टिम चालू होण्याच्या, आधी सध्या किती वेळ लागतो आणि किती केसेस परत येतात ते मोजून ठेवा, नंतर तो आकडा मिळत नाही. आणि सिस्टिम चालू झाल्यावर काही आठवड्यांनी युजरच्या शेजारी जाऊन बसा, बाजूला एखादी खासगी एक्सेल शीट उघडी असेल तर तिच्यातला कुठला कॉलम सिस्टिममध्ये नाही ते विचारा, पुढच्या रिलीजची पहिली रिक्वायरमेंट तिथेच मिळते.