उंची मोजा, मग तिकीट काढा

खोपोलीजवळच्या इमॅजिका या राइडच्या पार्कची तयारी घरातल्या दाराच्या चौकटीपाशी सुरू करायची. पोराला अनवाणी, पाठ टेकवून उभं करा, डोक्यावर वहीचा पुठ्ठा आडवा धरा, पेन्सिलीने खूण करा आणि टेप लावून आकडा सेंटीमीटरमध्ये लिहून घ्या. मग पार्कच्या संकेतस्थळावर राइडगणिक दिलेल्या किमान उंचीशी तो ताडून बघा. हे पहिलं काम. तिकीट त्यानंतर.

गेल्या खेपेला मी हे केलं नव्हतं. माझी लेक बारा वर्षांची आणि भाचा नऊचा. दोघं महिनाभर यूट्यूबवर नायट्रो, म्हणजे तिथला मोठा रोलर कोस्टर, बघून तयार झालेली. राइडच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते, तिथे भाचा टाचा उचलून उभा राहिला. तिथल्या मुलाने त्याच्या डोक्यावर हलकाच हात ठेवला आणि म्हणाला, “राजा, टाचा खाली.” पट्टीला चार बोटं कमी. ताई पुढे निघून गेलेली, मागे ही रांग. तो काही बोलला नाही, खाली बसून बुटाचं वेलक्रो उघडत-लावत राहिला. तेच आठवडाभर आधी घरी कळलं असतं तर घरीच रडून मोकळा झाला असता आणि दुसऱ्या कुठल्यातरी राइडची स्वप्नं बघत आला असता. त्या दरवाजातल्या मुलाशी हुज्जत घालू नका. हा नियम धिटाईचा नाही, खुर्चीच्या पट्ट्याचा आहे. खांद्यावरून खाली येणारा तो जाड दांडा ठरावीक बांध्याच्या शरीरावरच नीट बसतो. आणि अगदी काठावरचा मामला असेल तर एक गंमत सांगते : माणसाची उंची सकाळी सेंटीमीटरभर जास्त भरते, दिवसभर उभं राहून मणक्यामधल्या चकत्या दबतात. तेव्हा घरची मोजणी संध्याकाळची धरा म्हणजे अपेक्षाभंग होणार नाही.

आता दिवस ठरवा. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली लोटतात, एकाच रंगाच्या टोप्यांची शे-दोनशे पोरं प्रत्येक दारात. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी म्हणजे गर्दीच गर्दी, शिवाय मे महिन्यात घाटाच्या पायथ्याचं ऊन आणि दमट हवा. पावसाळ्यात गर्दी कमी, सह्याद्री हिरवागार, पण खोपोलीचा पाऊस म्हणजे थट्टा नव्हे. पाऊस कोसळायला लागला किंवा विजा चमकायला लागल्या की उघड्यावरच्या मोठ्या राइड थांबवतात. आमचं मत विचाराल तर शाळेला एक दांडी मारून साधा मंगळवार-बुधवार गाठावा. वर्गशिक्षिकांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

जायचं कसं, हा फारसा प्रश्न नाही. द्रुतगती मार्ग सोडून खोपोलीला उतरायचं आणि पालीचा रस्ता धरायचा. लोकलने आलात तर खोपोली स्टेशनवरून रिक्षा. घरात आजी-आजोबा असतील तर “पालीच्याच वाटेवर आहे ना, मग बल्लाळेश्वर करूनच येऊ” असा ठराव हमखास येतो. तो आदल्या किंवा दुसऱ्या दिवसासाठी मान्य करा. एकाच दिवशी दोन्ही धरलंत तर दर्शनाच्या रांगेत पोरं नीट उभी राहायची नाहीत आणि राइडच्या रांगेत आजी.

बॅग भरताना आधी पायांकडे बघा. नायट्रोला डब्याला तळ नाही. स्टेशनात पायाखाली फळ्या असतात, गाडी सुटताना त्या बाजूला सरकतात आणि पाय लोंबकळत राहतात. त्यामुळे सुटे चप्पल नकोत, मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट घाला. चश्मा असेल तर मागून अडकवायची दोरी घ्या, नाहीतर तो खिशात ठेवून पोरगं अख्खी राइड आंधळेपणाने करतं आणि वर “काहीच दिसलं नाही” म्हणून तक्रार. मुलींच्या केसांच्या दोन घट्ट वेण्या. ओढणी, गळ्यातली दोरी, लोंबती कानातली घरीच. अंगात लवकर वाळणारे कपडे, जीन्स नको, भिजली की दिवसभर मांडीला घासते. एक कोरडा जोड आणि एक पंचा पिशवीत सगळ्यात वर. दहा-अकराच्या पुढची मुलगी बरोबर असेल तर दोन पॅड आणि एक जादा चड्डी बाजूच्या कप्प्यात ठेवा, आणि ती कुठे आहेत हे तिला निघण्यापूर्वीच सांगून ठेवा. पाळी सुरू झालेली नसली तरी. लेकीच्या मैत्रिणीची पहिली पाळी सहलीतच आली होती, आणि बरोबरच्या बाईंच्या पर्समध्ये काही नव्हतं.

खाण्याचं. बाहेरचं आत नेऊ देत नाहीत, म्हणून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी निघताना गाडीतच संपवायची. सकाळी पोट रिकामं ठेवू नका, रिकाम्या पोटीही मळमळतं. पण तेलकट भरून नेऊ नका. मी एकदा जत्रेत पोराला दोन वडापाव चारून लगेच ब्रेकडान्सच्या पाळण्यात बसवलं होतं. पुढचं सांगत नाही. जेवणानंतर पाऊण तास शो बघायला जायचं, गोल फिरणारं काही नको. एक लक्षात ठेवा, मळमळ मोठ्या रोलर कोस्टरपेक्षा पडद्यापुढच्या हलत्या खुर्च्यांत जास्त होते, म्हणजे मिस्टर इंडियासारख्या राइडमध्ये. डोळे म्हणतात आपण उडतोय, कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण जागीच आहोत, आणि दोघांच्या भांडणात पोट सापडतं. अस्वस्थ वाटलं तर पडद्यावरून नजर काढून पुढच्या खुर्चीच्या पाठीकडे बघायचं, हे पोरांना आत जायच्या आधी सांगून ठेवा.

आता क्रम. इथे माझं अनेकांशी जमत नाही. सगळे सांगतात, दार उघडलं की धावत नायट्रो गाठा, रांग लहान असते. रांग लहान असते हे खरं. पण ज्या पोराने आयुष्यात आकाशपाळण्यापलीकडे काही केलेलं नाही, त्याला सकाळी पहिल्याच घासाला सुमारे ४० मीटर, म्हणजे तेरा-चौदा मजल्यांएवढ्या उंचीवर नेऊन पाच वेळा उलटं करायचं? त्याचा वेग ताशी १०५ किलोमीटरच्या आसपास जातो, एक्सप्रेसवेवर मोटारींना जी १०० ची मर्यादा आहे त्याहून जास्त. स्विस कंपनीने बांधलेला, २०१३ साली सुरू झालेला हा कोस्टर आहे. उत्तम आहे, पण सुरुवातीचा नाही. आधी गोल्ड रश एक्सप्रेसमध्ये बसवा. खाणीतल्या गाडीसारखी ती झोकांड्या देत जाते, पोराच्या पोटात गोळा येतो आणि उतरल्यावर “परत!” असं ओरडतं. मग डीप स्पेस. इथे साखळीने हळूहळू वर चढवणं नाही, अंधारात जागेवरूनच धाडकन पुढे ढकलतात, त्यामुळे घाबरायला वेळच मिळत नाही. त्यानंतर पोरगं स्वतःहून नायट्रोकडे बोट दाखवेल, किंवा नाही दाखवणार. दोन्ही ठीक. पहिल्यांदा बसणाऱ्याला मधल्या रांगेत बसवा. शेवटच्या डब्यात उतारावर झटका जास्त लागतो, कारण पुढचे डबे उतारावर लागलेले असतात आणि ते मागच्यांना शिखरावरूनच खेचून नेतात. माझ्या लेकीला नेमकं हेच हवं होतं, ती तिसऱ्या फेरीला मुद्दाम शेवटी बसली.

आणि हे घरीच ठरवून टाका : ऐनवेळी, अगदी खुर्चीपाशी पोचल्यावर “मला नको” म्हटलं तरी चालेल. फलाटावरून पलीकडे निघून जाता येतं, कर्मचाऱ्याला सांगायचं एवढंच. आणि तो किस्सा मोठे लोक लग्नाकार्यात सांगणार नाहीत. आपल्याकडे हे फार. एकदा पोरगं मागे फिरलं की पुढची पाच वर्षं मामा-काका ‘भित्री भागूबाई’ म्हणत बसतात. या वयाच्या मुलांना पडण्याची भीती नसते, हसं होण्याची असते. नऊ ते बाराच्या पोरांची हिंमत आणि उंची एकदम वाढत नाही. उंची पुरते तेव्हा धीर सुटतो, धीर असतो तेव्हा चार बोटं कमी पडतात.

ज्याला मोठं काही मिळणार नाही, त्याच्यासाठी वेगळी यादी लागते, आणि तिच्यात उडते हत्ती नि कपबशा घालू नका. नऊ वर्षांच्या मुलाला त्या बाळांच्या वाटतात आणि बसवलंत तर तो शेजारच्या अनोळखी मुलीकडे बघून मान खाली घालतो. त्याला नेमबाजी द्या. अलीबाबाच्या गुहेतल्या सफरीत बंदूक हातात असते, चोरांवर नेम धरायचा आणि गुण मोजले जातात. माझ्या भाच्याने तिथे मला आणि ताईला दोघींना हरवलं आणि दुपारपर्यंत पट्टीचं दुःख विसरला. सलीमगढची भुताटकी त्या वयाला नेमकी पुरते, भीती वाटते आणि नंतर “खोटं होतं सगळं” असं ऐटीत सांगताही येतं. स्प्लॅश अहॉयच्या बोटीत बसून काठावरच्या लोकांवर पाणी उडवायचं, काठावरचेही उडवतात. माझा पंचा तिथेच कामी आला.

राजासॉरसची नदी मात्र कुणालाही सोडू देऊ नका, आणि तिची तयारी आदल्या रात्री झोपताना करा. हा डायनासोर कुणी राइडसाठी रचलेला नाही. गुजरातेत बालासिनोरजवळच्या रैयोलीत त्याची हाडं सापडली आणि २००३ साली त्याचं ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ असं बारसं झालं. डोक्यावर शिंग, मांसाहारी, आपला पक्का देशी. तो हिंडायचा त्या काळाच्या आसपासच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनभर लाव्हा पसरत होता, थरावर थर. त्याच थरांचा आपला सह्याद्री. पार्कमधून घाटाकडे बघितलंत तर कड्यावर आडव्या रेघा दिसतात, ते हे थर. भाच्याने बोटीत शिरायच्या आधी रांगेतल्या दोन अनोळखी मुलांना हे सगळं ऐकवलं, आणि एकाने “खरंच?” असं विचारल्यावर माझ्याकडे असं बघितलं की जणू कडा त्यानेच रचला होता. मग बोट घसरली आणि सगळे गप्प.

मोबाइल लॉकरमध्ये राहतो, आणि या वयाची पोरं “आम्ही दोघं जाऊन येतो” म्हणतातच. जाऊ द्या, पण आधी प्रत्येकाच्या मनगटावर घड्याळ, जुनं असलं तरी चालेल. मोठ्यांचा नंबर कागदावर लिहून प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत, पिशवी चेनच्या खिशात. दोन राइडच्या मधली एक ठळक जागा नक्की करा, ती जाऊन दाखवा, “मेन गेटपाशी भेटू” असं मोघम नको. चुकलो तर शोधत फिरायचं नाही, तिथे जाऊन उभं राहायचं किंवा पार्कचा गणवेश घातलेल्या माणसाला सांगायचं. तीन पोरांमागे दोन मोठी माणसं हवीतच, एक वर बसायला, एक खाली ज्याची उंची भरली नाही त्याच्याबरोबर आइस्क्रीम खायला. ते काम मला जास्त आवडतं.

रांगेसाठी काहीतरी लागतं. आम्ही गावांच्या नावांच्या भेंड्या खेळतो. ‘ड’ आला की सगळे डहाणू-डोंबिवलीवर अडतात.

परतताना गाडीत ओले बूट काढून घ्या आणि आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, खोपोली सोडायच्या आधीच. म्हणजे उद्या शाळेपर्यंत वाळतील.