अभ्यासिकेच्या वाय-फायवरील स्वार्थी यंत्र ओळखणे व आवरणे
सदाशिव पेठेतील एखाद्या अभ्यासिकेत तीस-चाळीस विद्यार्थी एकाच राउटरवर असतात आणि व्याख्यानांचे व्हिडिओ अडकू लागले, की संशय मोठे डाउनलोड करणाऱ्यावर जातो. परंतु पुष्कळ डेटा ओढणे म्हणजे स्वार्थीपणा नव्हे. टिळक रस्त्यावरच्या सिग्नलला झेब्रा क्रॉसिंगवर जाऊन उभ्या राहणाऱ्या दुचाकीप्रमाणे ठरलेली प्रतीक्षा टाळणे, हा खरा स्वार्थीपणा होय.

वाय-फायच्या ८०२.११ या मानकानुसार चॅनेल मोकळे दिसल्यावर सामान्य डेटा पाठवणारे यंत्र ठरावीक विराम घेते आणि नंतर ० ते १५ यांपैकी यादृच्छिकपणे निवडलेल्या संख्येइतके स्लॉट (वेळेचे छोटे समान तुकडे) थांबते. ५ गिगाहर्ट्झवर एक स्लॉट ९ मायक्रोसेकंदांचा असल्यामुळे प्रामाणिक यंत्राची ही प्रतीक्षा सरासरी ७.५ स्लॉट, म्हणजे सुमारे ६८ मायक्रोसेकंद भरते.

तपासणीसाठी एक लॅपटॉप मॉनिटर मोडमध्ये, म्हणजे आसपासचे सर्व वाय-फाय प्रक्षेपण ऐकण्याच्या स्थितीत, ठेवून गर्दीच्या वेळी वायरशार्क या नोंदणी-प्रणालीने फ्रेम (हवेतून जाणारे डेटाचे गठ्ठे) नोंदवाव्यात. एकाच यंत्राच्या लागोपाठच्या दोन फ्रेममधील मोकळे स्लॉट मोजावेत; मध्येच दुसरे यंत्र बोलू लागले तर प्रतीक्षेची मोजणी गोठते, म्हणून त्याच्या आधीचे व नंतरचे मोकळे स्लॉट मिळवून घ्यावेत. पुनःप्रेषित फ्रेम वगळाव्यात, कारण टक्करीनंतर (दोन यंत्रे एकाच वेळी बोलल्यावर) १५ ची मर्यादा दुपटीने वाढत १०२३ पर्यंत जाऊ शकते. शेकडो फ्रेमची सरासरी दोन-तीन स्लॉटांवरच राहिली, तर आधी प्राधान्यवर्ग (फ्रेमवरील तातडीची खूण) पाहावा: ड्रायव्हरमध्ये फेरफार न करताही सर्व वाहतुकीवर ‘व्हॉइस’ची खूण लावली, की मर्यादा ३ वर येते, आणि ही पळवाट सर्वांत सोपी आहे. चॅनेल किती वेळ व्यापलेले राहील हे इतरांना सांगणारा फ्रेममधील कालावधीचा आकडा प्रत्यक्ष देवाणघेवाणीपेक्षा वारंवार बराच मोठा असेल, तर ते यंत्र इतरांना विनाकारण गप्प बसवत आहे.

दोषारोपाची घाई मात्र करू नये. भिंतीआडच्या यंत्राला इतरांचे प्रक्षेपण ऐकू येत नसेल, तर ते निष्पाप असूनही घुसखोर भासते. म्हणून लॅपटॉप त्याच्या शेजारी नेऊन मोजणी पुन्हा करावी.

राउटरवरील एअरटाइम फेअरनेस (प्रक्षेपणाचा वेळ यंत्रांत समान वाटणारी सोय) अवश्य चालू करावे, पण ते मुख्यतः राउटरकडून यंत्रांकडे जाणाऱ्या वाहतुकीची वाटणी करते. उलट दिशेला प्रत्येक वापरकर्त्याच्या वेगावर मर्यादा घालून जादा पॅकेट टाकून द्यावी लागतात. त्यामुळे पॅकेट हरवल्यास वेग कमी करणारी टीसीपी ही पाठवण्याची पद्धत मंदावते; यूडीपी ही पोच न मागणारी पद्धत मंदावेलच असे नाही. सामायिक पासवर्डऐवजी प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन द्यावे, अन्यथा राउटरवर अडवलेला फोन आपला मॅक पत्ता (यंत्राची जाळ्यावरील ओळख) बदलून पुन्हा जोडला जातो.